पावसाळ्यात मालगाड्या बघायला : कसारा, पळसदरी की आणखी कुठे?

घाटमार्ग

आमचा पाच-सहा रेल्वेवेड्यांचा कंपू दर पावसाळ्यात एक अख्खा दिवस मालगाड्यांसाठी काढतो. मेल-एक्सप्रेस येतील त्या बघूच, पण दिवस मालगाडीचा. यंदा दोन नवे मेंबर आहेत आणि एकाचा दहा वर्षांचा मुलगाही येतोय. त्यामुळे डोक्यावर छप्पर हवं, पोटाची सोय हवी आणि रुळांवर पाऊल न टाकता गाडी जवळून दिसायला हवी.

माझं मत आधीच सांगतो. पाऊस आणि मालगाडी दोन्ही हवं असेल तर घाटाच्या पायथ्याला तोड नाही. कसारा-इगतपुरी असो की कर्जत-खंडाळा, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मोटारीला हा चढ जाणवतसुद्धा नाही. पण इथे लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर, वरून दोन्ही ओलं, आणि मागे हजारो टन माल. सपाटीवर मालगाडी धडधडत निघून जाते, डबे मोजेपर्यंत संपते. घाटाखाली ती थांबते, मागे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, ब्रेक तपासले जातात, सिग्नल मिळतो आणि मग सगळं वजन इंचाइंचाने हलायला लागतं. ओझं वर कसं चढतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं आणि कानांनी ऐकू येतं.

आमचा एकच नियम आहे: गाडी आली की शेवटच्या डब्यापर्यंत बघायची. मधेच फोनमध्ये डोकं घालायचं नाही.

तर तुमचा कौल कुठे? कसारा, पळसदरी की तिसरंच काही? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

पुणेरी_पॅसेंजर

पळसदरी. कर्जतहून खोपोली लोकलने पहिलंच स्टेशन. गर्दी नाही, मागे डोंगर, पावसात सगळीकडून पाणी कोसळत असतं. कर्जतला बँकर लागलेली गाडी इथून जाते तेव्हा चढायला नुकतीच सुरुवात झालेली असते. पुढची इंजिनं गेली की आवाज कमी होत जातो, मग नुसतेच डबे, आणि मग मागून बँकरचा आवाज वाढत येतो. हे एकदा ऐकलं की माणूस बाटलाच.

तोटा एकच, खाण्याची बोंब. वडे कर्जतला बांधून घ्या.

मनमाड_जंक्शन

सगळे घाट-घाट करताय, मनमाडला कोणी येतच नाही! अहो, भुसावळ, इगतपुरी, दौंड आणि संभाजीनगर अशा चारी बाजूंनी गाड्या येतात. अन्न महामंडळाची गोदामं इथे, पानेवाडीचे तेल डेपो जवळ, आजूबाजूला कांद्याचा मुलूख. टँकरची गाडी, धान्याची बंद डब्यांची, कोळशाची उघडी, कंटेनर, सिमेंट, सगळी जत्रा एका फलाटावरून दिसते. शिवाय अनकाईकडे निघालेल्या गाडीमागे जोडकिल्ले उभे असतात.

पुणेरी_पॅसेंजर

मनमाड भारीच आहे, पण धाग्यात 'पाऊस' असा शब्द आहे हो. तुमच्याकडे तो येतो का?

मनमाड_जंक्शन

येतो, येतो. पाहुण्यासारखा येतो, पण येतो :) हिवाळ्यात या मग. चहा माझ्याकडून.

रातराणी

वाचनखूण साठवली.

क्वीन_१९३०

कुणाला दुखवायचं नाही, पण खरंच विचारतो. मालगाडीत बघायचं काय असतं? मी लहानपणापासून गाड्या बघतोय. डेक्कन क्वीन म्हणजे एक ओळख आहे, तिची वेळ आहे, रंग आहे, माणसं हात करतात. मालगाडी कधी येईल ते माहीत नाही, कुठून कुठे जाते ते माहीत नाही, डबे सगळे सारखे आणि मातकट. लोणावळ्याला दोन तास उभं राहून एक कंटेनरची गाडी बघायची यात मला तरी मजा वाटलेली नाही. पावसात तर नाहीच.

घाटमार्ग

प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

डबे सारखे नसतात. कोळशाचा उघडा बॉक्सएन, धान्य-सिमेंट-खताचा बंद बीसीएन, तेलाचा टँक, कंटेनरचा सपाट बीएलसी, वीजकेंद्राच्या कोळशाचा बॉबर, ज्याचा माल खालून ओततात. म्हाताऱ्या झालेल्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून त्यांतून मोटारगाड्या नेतात, तो वेगळाच प्रकार. प्रत्येक वाघिणीवर (मालडब्यावर) ११ आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा-सहावा बांधणीच्या वर्षाचा, मग चार आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. एवढं कळलं की तोच मातकट डबा बोलायला लागतो. एकाच गाडीत वीस वर्षांपूर्वीचा डबा आणि गेल्या वर्षीचा डबा शेजारी शेजारी चाललेले दिसतात.

आणि कुठून कुठे जाते तेही अंदाजाने कळतं. कसाऱ्याला खाली येणारं पोलाद दिसलं तर ते बहुधा कळंबोलीला चाललेलं. वर चाललेले कंटेनर न्हावाशेव्याचे. बंद डब्यातलं खत वर चाललं असेल तर चेंबूर किंवा अलिबागजवळच्या थळचं. आपल्या घरात येणारी निम्मीअधिक वस्तू कधी ना कधी या डब्यांत बसलेली असते.

सिग्नल_डबलपिवळा

@क्वीन_१९३०, एप्रिल २०२१ आठवा. १९ तारखेला कळंबोलीहून सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर चढवून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. घाटातल्या बोगद्यांत टँकरची उंची बसत नव्हती, म्हणून वसई-सुरत-जळगावकडून लांबचा वळसा घालून नेली. भरलेले टँकर घेऊन ती नागपूर आणि नाशिकला परतली तेव्हा लोक टीव्हीला डोळे लावून बसले होते. त्या आठवड्यात महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वाट बघितली गेलेली गाडी मालगाडी होती.

क्वीन_१९३०

हे मान्य. माझ्या मामांना त्याच आठवड्यात नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं. त्या गाडीची बातमी आम्ही सगळ्यांनी मिळून बघितली होती.

नॉच_आठ

निवृत्त लोको पायलट आहे. नोकरीची बरीच वर्षं मालगाडीवर आणि त्यातही घाटात गेली. पावसाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं धो-धो पाऊस म्हणजे गाडी घसरणार. उलट आहे. सगळ्यात वाईट तो पहिला बारीक पाऊस. रुळावर धूळ, तेलाचा अंश, गंज, सुकलेला पाला असं सगळं बसलेलं असतं. भुरभुर सुरू झाली की त्याचा पातळ, चिकट थर होतो आणि चाक जागेवर फिरायला लागतं. चांगला अर्धा तास पाऊस कोसळला की रूळ धुऊन निघतो आणि पकड बऱ्यापैकी परत येते. घाटातल्या माणसाला मोठ्या सरीपेक्षा धुक्यातल्या तुषारांची जास्त काळजी.

इलाज म्हणजे वाळू. प्रत्येक इंजिनाला चाकांजवळ वाळूच्या पेट्या असतात. बटण दाबलं की हवेच्या दाबाने नळीतून वाळू चाकाच्या पुढ्यात रुळावर पडते. ती कोरडी हवी. ओली झाली तर नळीतच बसते आणि ऐन चढावर दगा देते. म्हणून शेडमध्ये वाळू भाजून, चाळून भरतात. ड्युटीवर इंजिन ताब्यात घेताना वाकून नळीखाली हात धरायचा, वाळू हातावर पडली पाहिजे. मी हे न करता कधी घाटात शिरलो नाही.

आमच्या वॅग-७ ला (मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन) चाक फिरायला लागलं की नॉच (शक्तीची पायरी) उतरवावा लागायचा, मग हळूहळू परत चढवायचा. घाईने चढवला की परत घसरगुंडी. नंतरची वॅग-९ आली आणि हे काम इंजिन स्वतः बघायला लागलं. उतारावर ती वीज परत तारेत देते, तोही फायदा. तसं पाहिलं तर उतारावर वीज परत देणं घाटाला नवं नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी आलेलं 'खेकडा' इंजिन, म्हणजे डब्ल्यूसीजी-१, तेही हे करायचं. आमच्या वेळचे जुने फोरमन त्याच्या आठवणी सांगायचे.

बघायला जाणाऱ्यांनी कान इंजिनाच्या चाकांकडे ठेवा. वाळू चिरडल्याचा कर्रर्र आवाज आला म्हणजे आत बसलेला माणूस कामाला लागला आहे.

पुणेरी_पॅसेंजर

काका, दंडवत. असं अजून लिहा.

रातराणी

वाळू भाजतात?! नवीनच कळलं. मी समजत होते वाळूची पेटी आग विझवायला असते.

सह्यकडा

फोटोपेक्षा जीव मोठा, म्हणून हे लिहितो. घाटातल्या स्टेशनांवर (ठाकुरवाडी, मंकी हिल, नागनाथ, जांब्रुंग) ट्रेकच्या नावाखाली रुळावरून चालत जाऊ नका. पावसात गाडीचा आवाज पाण्याच्या आवाजात बुडतो आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा मिळेलच असं नाही. कायद्याने तर गुन्हा आहेच. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून गेलेल्यांना बैठका काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल.

वर दरडीचं आहेच. २०१९ च्या पावसाळ्यात भोर घाट (कर्जत-खंडाळ्याचा) किती दिवस विस्कळीत होता आठवा. २०२१ च्या जुलैत उंबरमाळी स्टेशन पाण्याखाली गेलं आणि कसारा घाटात रुळाखालची खडी वाहून गेली. दर वर्षी पावसाआधी हिल गँगची माणसं दोराला लटकून डोंगरावरचे सैल धोंडे पाडतात. ते पाडलेले दगड उचलायला वेगळी बोल्डर स्पेशल चालवतात. मालगाडी बघणाऱ्यांनी ही गाडी कधी दिसली तर तिलाही शेवटच्या डब्यापर्यंत बघावं.

घाटमार्ग

शंभर टक्के. आम्ही फलाट सोडत नाही. नव्या मेंबरांना ही पहिली अट सांगितली आहे.

लेन्सवाला

पावसातल्या फोटोंबद्दल थोडं. एसी डब्यातून किंवा गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. उतरायच्या अर्धा तास आधीच बॅगची चेन उघडी ठेवा. प्लास्टिकचं आवरण हवंच, पण जुना सुती पंचा त्याहून कामाचा. आणि मालगाडीचा फोटो पाऊस थांबल्यावर काढू नका, पडत असताना काढा. हेडलाइटच्या उजेडात धारा दिसतात, ओले डबे काळे-तांबडे चमकतात. ऊन पडलं की तोच डबा फिका दिसतो.

एक_प्रवासी

फलाटावर फोटो काढताना हटकलं गेलंय का कुणाला? मला मागच्या वर्षी एका स्टेशनवर तासभर बसवून ठेवलं. मोबाईल बघितला, 'मालगाडीचे फोटो कशाला?' हे चार वेळा विचारलं. शेवटी सोडलं, पण दिवस गेला.

सिग्नल_डबलपिवळा

होतं असं. आम्ही गेल्या गेल्या स्टेशन मास्तरांना भेटतो, आम्ही अमुक जण, गाड्या बघायला आलोय, फलाटाच्या या टोकाला असू, असं सांगतो. निम्मी शंका तिथेच मिटते. तिकीट खिशात हवं. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं, दिवसभर बसायचं असेल तर नीट विचारून घ्या. सिग्नल केबिन, यार्ड, तेलाच्या सायडिंगकडे कॅमेरा वळवायचा नाही. मालगाडीचे फोटो कशाला, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: आवडते म्हणून. बहुतेक वेळा समोरचा हसतो आणि पुढची गाडी कधी येतेय ते सांगतो.

कोकणकन्या_नाही_मी

कुणी कोकण रेल्वेचं नावच घेतलं नाही! पावसात मालगाडी बघायची तर रो-रो बघा. भरलेले ट्रक अख्खेच्या अख्खे सपाट वाघिणींवर, ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये. १९९९ पासून चालू आहे, कोलाडहून वेर्ण्याला आणि पुढे सुरतकलला. पावसात ताडपत्री फडफडतेय, ड्रायव्हर काच खाली करून पाय वर घेऊन बसलाय, आणि खालून दरी चाललीय, असं दृश्य दुसरीकडे कुठे मिळणार? घाटातल्या रस्त्यावर जो माणूस रात्रभर स्टिअरिंगला चिकटलेला असतो तो इथे आरामात घोरत असतो.

उक्षीला स्टेशनजवळच धबधबा आहे. पुढे भोके स्टेशन, आणि मधे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. जोराचा पाऊस असला की लोको पायलटला वेग ४० वर आणायची सूचना असते, त्यामुळे गाडी निवांत बघून होते.

घाटमार्ग

रो-रो यादीत आहेच, पण एका दिवसात जाऊन येणं लहान मुलासह जमणार नाही. गणपतीला गावी जाईन तेव्हा उक्षी नक्की.

वऱ्हाडी_वॅगन

भाऊ, मालगाड्या पाहाच्या तर नागपूरकडे याना लागते. गोंदियाच्या फलाटावर बसा, कोरब्याकडून कोळसा येतच राहते. २०२० च्या जुलैत चार रिकामे रेक (म्हंजे अख्ख्या चार मालगाड्यांचे डबे) जोडून शेषनाग काढली होती, २.८ किलोमीटर लांब. मग १५ ऑगस्ट २०२२ ले सुपर वासुकी, २९५ भरलेले डबे, सहा इंजिनं, २७,००० टन, साडेतीन किलोमीटर. एका टोकाले पाऊस अन् दुसऱ्या टोकाले ऊन, अशी गाडी हाय ते! अन् अजनीच्या शेडमध्ये १२,००० अश्वशक्तीचं वॅग-१२ असते, दोन धडांचं. घाटातलं कौतुक आम्हाले हाय, पण लांबी पाहाची तर विदर्भात.

नॉच_आठ

साडेतीन किलोमीटर गाडी घाटात चढवायची म्हटलं तर माझी झोप उडेल :) सपाटीवर तुम्हीच राजे.

अल्टूनाकर

पेनसिल्व्हेनियातून लिहितोय. इथे अल्टूनाजवळ हॉर्सशू कर्व्ह आहे. १८५४ मध्ये मार्ग सुरू झाला, आपल्या थळ घाटाच्या (म्हणजे कसारा घाटाच्या) जरा आधी. चढ सुमारे १.८ टक्के, आपल्या ३७ ला १ च्या (म्हणजे २.७ टक्के) मानाने सौम्य. तरी इथेही मागून मदतीची इंजिनं लावतात. सांगायचा मुद्दा असा की वळणाच्या मधोमध लोकांना बसून गाड्या बघायला रीतसर बाग केलेली आहे. वर जायला छोटी केबल ट्रॅम, कुंपण, बाकडी. पावसातही म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात. कोणी 'कशाला' विचारत नाही.

कसारा घाटात उंटदरीचा पूल दिसेल अशी एक सुरक्षित, छप्पर असलेली जागा रेल्वेने केली तर रुळांवर जाणारे निम्मे लोक आपोआप तिकडे वळतील. तिकीट लावा हवं तर. मी सुट्टीवर आलो की पहिला तिकडे येईन.

सह्यकडा

+१. हे गंभीरपणे मागायला हवं. कुणाला अर्ज लिहायचा अनुभव असेल तर मसुदा करू या.

निळी_छत्री

बराच वेळ नुसती वाचत होते. माझे वडील भुसावळला गुड्स गार्ड होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

तुम्ही शेवटच्या डब्यापर्यंत बघता हे वाचून बरं वाटलं. त्या शेवटच्या डब्यात आमचे बाबा असायचे. ब्रेक व्हॅन म्हणजे वाऱ्या-पावसाला उघडी जागा. पावसाळ्यात ते घरी यायचे तेव्हा अंगावरचे कपडे कुबट झालेले असायचे आणि लोखंडी लाइन बॉक्सच्या आत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं: झेंडे, दिवा, फटाके (धोक्याची सूचना द्यायला रुळावर लावतात ते), वही, आणि आईने दिलेली भाकरी-चटणी. रात्री-अपरात्री ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय यायचा, सायकल लावून नावाने हाक मारायचा. आम्ही भावंडं त्या हाकेने जागी व्हायचो. बाबा कधी परत येतील ते कोणालाच ठाऊक नसायचं, कारण मालगाडीला वाटेत कुठेही लूपला (बाजूच्या रुळावर) टाकतात. एक्सप्रेस जाऊ देत बसायचं. आई ताट झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करायची.

२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काही गाड्यांवर आता शेवटच्या डब्यात माणूसही नसतो, यंत्र बसवतात. जिथे माणूस असेल तिथे हात करा. बाबा सांगायचे, दिवसभरात कुठल्या तरी फाटकावर एखादं पोर हात करायचं, तेवढीच सोबत.

क्वीन_१९३०

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुढच्या वेळी लोणावळ्याला मालगाडी आली की मी शेवटपर्यंत थांबेन आणि हात करेन.

रातराणी

@निळी_छत्री, यावर स्वतंत्र धागा काढा ना प्लीज. रेल्वे कॉलनीतलं बालपण असा.

खवय्या_कल्याणचा

थोडं विषयांतर. कर्जतला गाड्या थांबतात त्या बँकर लागण्यासाठी, आणि अख्खा महाराष्ट्र समजतो वड्यासाठी थांबतात :) कसाऱ्याला गेलात तर फलाटावरचा वडा गरम असेल तरच घ्या. इगतपुरीपर्यंत जाणार असाल तर तिथे चहा. पावसात आल्याचा चहा सगळीकडेच चांगला लागतो, पण इगतपुरीच्या गारठ्यात जास्तच.

मनमाड_जंक्शन

मनमाडला गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. एवढंच बोलतो.

घाटमार्ग

जाऊन आलो! शेवटी कसारा ठरलं, कारण लोकल थेट जाते आणि फलाटावर छप्पर आहे. वृत्तांत देतो.

सकाळी खर्डी सोडल्यापासून बाहेर काही दिसेना. कसाऱ्याला उतरलो तर डोंगर गायब, फक्त पायथा. स्टेशन मास्तरांना भेटलो (@सिग्नल_डबलपिवळा, धन्यवाद). त्यांनी फलाटाचं कुठलं टोक ते सांगितलं आणि पिवळी रेघ ओलांडू नका म्हणाले.

पहिला तास एक्सप्रेसचा गेला. मग घाटातून बंद डब्यांची एक गाडी खाली आली आणि समोर थांबली. घाट उतरताना ब्रेक लावून लावून चाकं तापलेली असतात. पाऊस त्या चाकांवर पडत होता आणि प्रत्येक चाकातून वाफ निघत होती. अख्ख्या गाडीखालून पांढरी वाफ, आणि ब्रेक ब्लॉकचा तो करपलेला वास. आमच्यातला एक जण दर वर्षी येतो, तोही म्हणाला की एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. धान्याची असावी. दाराच्या खालच्या पन्हाळीत सांडलेल्या दाण्यांना कोंब फुटून बोटभर हिरवळ उगवली होती. लेन्सवाला असता तर तिथेच ठाण मांडून बसला असता.

मुलाला वाघिणींचे नंबर वाचायला शिकवलं. मग त्याने आम्हाला बसू दिलं नाही. पाचवा-सहावा आकडा ओरडून सांगायचा, सगळ्यात जुना डबा कोणाचा याची पैज. बापाला हरवलं.

दुपारी वर जाणारे कंटेनर आले, पुढे वॅग-९ ची जोडी. नेमकी तेव्हा भुरभुर. बाजूला उभे असलेले बँकर हलले, मागून येऊन अलगद टेकले. गाडी बराच वेळ थांबली. मग पुढून हॉर्न, मागून हॉर्न, आणि सुरू. पहिल्या काही मीटरला काही होतच नाहीये असं वाटलं. मग कर्रर्र! नॉच_आठ काकांनी लिहिलेला तोच आवाज. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. इंजिन गेल्यावर खाली बघितलं तर रुळाच्या डोक्यावर पांढरट पीठ झालेलं, पुढच्या चाकांनी तेही दाबून टाकलं. डबे आमच्यासमोरून माणूस चालेल त्या वेगाने गेले. शेवटी बँकर आले तेव्हा फलाट पायाखाली थरथरत होता. बँकरच्या लोको पायलटने मुलाला हात केला.

आता प्रश्न. मुलगा परतीच्या लोकलमध्ये विचारत होता आणि मला नीट सांगता आलं नाही. सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? आणि मागच्याला कसं कळतं की आता ढकलायचं? काका, सांगाल का?

लेन्सवाला

कोंबांचा फोटो काढला ना? टाका!!

घाटमार्ग

काढलाय, रात्री टाकतो.

नॉच_आठ

मुलाचे दोन्ही प्रश्न पक्के आहेत. त्याला सांगा, भरती होताना आम्हालाही हेच विचारायचे.

पहिलं. सगळी इंजिनं पुढे लावली तर पूर्ण गाडीचा ओढा पहिल्या डब्याच्या कपलरवर (डबे जोडणाऱ्या आकड्यावर) येतो. त्या कपलरची सहन करायची एक मर्यादा असते. चढावर ती ओलांडली की गाडी तुटते. निम्मं काम मागून केलं की पुढच्या कपलरवर तेवढा भार कमी. दुसरा फायदा त्याहून मोठा: मधे कुठे कपलर तुटलाच तर मागचे डबे खाली धावत नाहीत, त्यांच्या मागे इंजिन उभं असतं. ब्रेक आपोआप लागतातच, पण ३७ ला १ वर दोन आधार असलेले बरे. खाली येणाऱ्या गाड्यांसाठी घाटात कॅच सायडिंग असतात, चढावर वळवलेले रूळ. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग पुढचा रस्ता मिळतो. थांबली नाही तर ती त्या चढावर जाऊन दमते. घाटात एक्सप्रेस उगाच थांबते असं प्रवाशांना वाटतं त्याचं कारण हे.

दुसरं. बँकर नुसता टेकत नाही, जोडला जातो, ब्रेकचा पाइपही जोडतात. त्यामुळे पुढच्याने ब्रेक लावले-सोडले की मागच्याला समोरच्या काट्यावर दिसतं. पाइपमध्ये ५ किलोचा दाब पूर्ण भरला म्हणजे गाडी मोकळी. मग पुढचा हॉर्नचा ठरलेला इशारा देतो, मागचा तोच परत देतो. तुम्ही दोन्हीकडून ऐकलात तो हा. आता वॉकीटॉकीही असते, पण आमची पिढी हॉर्नवरच वाढली. त्यानंतर खरं कौशल्य: मागच्याने आधी हलकं दाबून डब्यांमधला ढिलेपणा काढायचा. फार जोर लावला तर मधला एखादा रिकामा डबा वळणावर उचलला जाऊ शकतो, कमी लावला तर पुढची इंजिनं घसरतात. पुढचा दिसत नाही, धुकं आहे, बोगदा आहे. एम्पियरच्या काट्यावर डोळा आणि बुडाखालच्या धक्क्यावरून अंदाज.

पोराला सांगा, पुढच्या वर्षी कसाऱ्याला मी येतो. वाळूची नळी कुठे असते ते फलाटावरून बोट दाखवून सांगेन.

निळी_छत्री

मलाही चालेल का यायला? बाबांचा हिरवा झेंडा अजून घरी आहे, पण तो नाही आणणार, नाहीतर गाडी सुटायची :)

घाटमार्ग

ताई, काका, दोघांचंही नाव लिहून घेतलं. तारीख जूनमध्ये पाऊस स्थिरावला की इथेच टाकतो. @सह्यकडा, तोपर्यंत त्या बघण्याच्या जागेच्या अर्जाचा मसुदा करू या का? पहिला खर्डा मी लिहितो.

सह्यकडा

लिहा. जागेचे नकाशे आणि कलम १४७ चा भाग मी बघतो. अल्टूनाकर, तिकडच्या बागेचं कुंपण रुळापासून किती लांब आहे ते मोजून कळवता का?

अल्टूनाकर

शनिवारी जातोच आहे. फोटोसकट कळवतो.